फरशीची जात

रमजानचा चाँद दिसायच्या आठ दिवस आधी आमच्या घरातल्या बादल्या बाहेर निघायच्या. सोलापुरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली, मागची खोली, मागे मोरी आणि परसात कडुलिंबाचं झाड. अम्मी आधी जळमटं काढायची, मग भांडी घासायची, मग वाकळा धुवायची आणि सगळ्यात शेवटी फरशी. फरशी शेवटी, कारण वरची सगळी घाण शेवटी तिच्याच अंगावर येते, असं ती म्हणायची.

अब्बा फरशीकाम करायचे. थापी, ओळंबा, पाणसाळ, दोरीचं रीळ एवढा त्यांचा संसार एका गोणपाटाच्या पिशवीत मावायचा. शहरातल्या कितीतरी घरांच्या फरश्या त्यांनी बसवल्या, पण त्या घरांत दुसऱ्यांदा जायची वेळ क्वचितच आली. फरशी बसवणाऱ्याचं काम एकदाच असतं, पुसणारीचं रोज. हे अब्बांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मोरीच्या दिशेने ढाळ देताना ते वाटीभर पाणी ओतून बघायचे. पाणी कुठेही न थबकता मोरीकडे गेलं तरच त्यांचं समाधान व्हायचं. मालक म्हणायचे, "मिस्त्री, जमीन सपाट हवी." अब्बा म्हणायचे, "सपाट दिसंल, पण पुसणाऱ्या बाईला तिचं पाणी कुठं न्यायचं ते जमिनीनंच सांगाया पायजे."

त्यांचं आणखी एक बोलणं होतं. ते आमच्या दखनीतच सांगते. "आदमी की जात कब्बी मत पूछ बेटा. फत्तर की जात पूछे बगैर उसकू हात मत लगा." लहानपणी मला हा विनोद वाटायचा. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले, तेव्हा या एका वाक्यात आम्ल, अल्कली आणि चुनखडीचा अख्खा पाठ आहे हे कळलं. पण कळणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

माझ्या आठवणीतली पहिली जमीन मात्र दगडाची नव्हती. दादीचं घर अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात होतं. माळवदाचं घर, आत मातीची जमीन. दर आठवड्याला ती शेणाने सारवायची. दादी आम्हा मुलींचे हात आधी उलटेसुलटे करून बघायची. कुणाच्या बोटाला चीर, कुणाला काटा लागलेला असला की त्या पोरीने पोतेऱ्याला हात लावायचा नाही. शेणामातीतून जखमेत धनुर्वात शिरतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण गावात एक बाळंतीण तशी गेलेली तिने पाहिली होती. सारवणही सकाळीच करायचं, म्हणजे ऊन चढेपर्यंत जमीन वाळायची. ओल्या जमिनीवर रात्री पोरं निजली की छाती भरते, म्हणायची.

घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगतचा तेवढा कोपरा ती शेणाने सारवत नसे. तिथे नुसती चाळलेली पांढरी माती पाण्यात कालवून हात फिरवायची. तिथे तिची जानमाज अंथरलेली असायची. साऱ्या घराची जमीन साफ, आणि तेवढा कोपरा पाक. साफ आणि पाक यांतला फरक मला कुठल्या मौलवीसाहेबांनी समजावला नाही, दादीच्या त्या दोन रंगांच्या जमिनीने समजावला. शेजारच्या पाटलीणबाई आल्या की तो कोपरा बघून विचारायच्या, "हितं शेण कमी पडलं काय गं?" दोघी हसायच्या. त्यांनाही कारण ठाऊक होतं.

सोलापूरच्या घरात शहाबादी फरशी होती. सोलापूरहून रेल्वेने वाडीच्या दिशेला निघालं की गुलबर्ग्याच्या पुढे शहाबाद लागतं. तिथल्या खाणीतली फरशी ट्रक भरभरून आमच्याकडे यायची. निळसर राखाडी, उन्हाळ्यात अंगाला गार लागणारी. अब्बांनी कामावरून उरलेले तुकडे जमवून आमचं घर फरसबंद केलं होतं. म्हणून आमच्या पुढच्या खोलीत एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. या फरशीला अम्मी साध्या पाण्याशिवाय काही लावू देत नसे. आधी कोरडा केर नीट काढायचा, कारण वाळूचा कण फडक्याखाली राहिला तर तो दगडावर चरे काढतो. मग दोन बादल्या, एक पुसायची, एक फडकं खळबळायची. फडकं घट्ट पिळायचं. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकत यायचं, म्हणजे आपलाच पाय ओल्यावर पडत नाही.

तेल सांडलं तर ती धावत पाणी आणायची नाही. आधी वर गव्हाचं पीठ नाहीतर खडूची भुकटी पसरायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. दगड तेल पितो तसं पीठही पितं. सकाळी झाडून घेतलं की डाग निम्मा झालेला असायचा. बकरीदला तर तिचं खरं कसब दिसायचं. परसातल्या फरशीवर रक्त पडलं की थंड पाणी, तेही लगेच. एकदा नव्याने आलेल्या चाचीने चांगलं म्हणून कढत पाणी ओतलं, तर रक्त शिजून दगडाच्या सांध्यांत असं बसलं की मोहर्रमपर्यंत दिसत होतं. रक्त गेल्यावर मग चरबीची पाळी. तिला गरम पाणी आणि साबण. चरबीचा पातळसा थर डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र कळतो, आणि पायाला कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना परसात यायची बंदी होती.

अब्बांच्या कामात पुढे मोझेक आलं. सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या घालून केलेल्या लाद्या, त्यावर मशीनने घासकाम, आणि शेवटी चमक आणायला ऑक्झॅलिक पावडर. ही पावडर दिसते पिठीसाखरेसारखी, पोटात गेली तर जीव घेऊ शकते. अब्बा ती पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकणाला लाल चिंधी बांधायचे. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच होते. लाल चिंधी सगळ्यांना वाचता येत होती.

असं असूनही आमच्या गल्लीत एक प्रसंग घडला. त्या काळी पुसायच्या पाण्यात चमचाभर रॉकेल घालायची पद्धत होती. मुंग्या, माश्या येत नाहीत म्हणून. अम्मीला ते पसंत नव्हतं, चुलीच्या घरात जमिनीला रॉकेल कशाला, असं तिचं म्हणणं. पण बहुतेक घरांत मोरीच्या कोनाड्यात रॉकेलची बाटली असायचीच, आणि ती बाटली सरबताची किंवा सोड्याची. दोन घरं सोडून राहणाऱ्या खालांच्या तीन वर्षांच्या पोराने ती तोंडाला लावली. बायकांनी मिठाचं पाणी पाजून त्याला ओकायला लावलं. तिथेच चुकलं. रॉकेल ओकताना ते फुप्फुसात शिरतं. पोटात गेल्यापेक्षा ते वाईट. पोरगं महिनाभर दवाखान्यात होतं. वाचलं. डॉक्टरांनी खालांना विचारलेला प्रश्न गल्लीत बरेच दिवस फिरत होता, की सरबताच्या बाटलीत रॉकेल भरल्यावर पोराने काय समजावं?

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून 2006 साली जे झालं ते झालं.

अब्बा 1999 साली गेले. दोन वर्षांनी आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला आणि अम्मीला घेऊन आले. फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या, पांढऱ्या, आरशासारख्या. अम्मीने पहिल्या दिवशी वाटीभर पाणी ओतून बघितलं. पाणी जिथे पडलं तिथेच गोल होऊन बसलं. "इसकू रस्ताच नै," ती म्हणाली. ती टाइल पाणी पीत नाही. शहाबादी थोडं पिते, म्हणून तिच्यावर ओला पाय टिकतो. इथे वजू करून आलेल्या माणसाचा ओला तळवा म्हणजे संकटच. पहिल्याच महिन्यात अम्मी फजरच्या वेळी घसरली. नशिबाने दाराची चौकट हाताला लागली. मग मी रबरी तळाची पायपुसणी आणली, आणि अम्मीने वजूनंतर पाय पुसायला टॉवेल बाथरूमच्या आतच टांगला.

धुण्याची पावडर टाकून पुसलं की या टाइल्सवर साबणाचा तवंग राहतो, त्यावर धूळ चिकटते. मग आणखी काळपट दिसतात म्हणून माणूस आणखी पावडर टाकतं. मीही टाकत होते. आणि फिनेल. फिनेलने तर अम्मीच्या मांजरीचा जीव जायची वेळ आली होती. ओल्या फरशीवरून चालायची, मग पंजे चाटायची. मांजरांना फिनेलमधली द्रव्यं पचवता येत नाहीत. अम्मीने फिनेलची बाटली एका शब्दाने न बोलता जिन्याखाली नेऊन ठेवली. त्या मांजरीवर तिची माझ्याहून जास्त माया होती, हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं.

आमच्याकडे कामाला एक मावशी होत्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पाच घरची कामं करायच्या. 2006 साली दिवाळी आणि रमजान ईद चार दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, ईद 25 ला. म्हणजे मावशींच्या पाचही घरांची साफसफाई एकाच आठवड्यात. चार घरची दिवाळीची आणि पाचव्या घरची ईदची. त्यांच्या स्वतःच्या घरची कधी, हा प्रश्न आम्हां पाचांपैकी कुणालाच पडला नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. रमजानचा शेवटचा अशरा. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी सहामाहीचे पेपर घेऊन बसले होते. बाथरूमच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे पिवळट पांढरे थर चढले होते. सायकलवर फिनेल-अॅसिड विकणारा फेरीवाला यायचा, त्याच्याकडून मी अॅसिडची बाटली घेतली होती. बाटली थंडपेयाची, वर चिठ्ठी नाही, काही नाही. (तेव्हा ते असं सर्रास मिळायचं. मुलींच्या तोंडावर अॅसिड फेकण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली.) शिवाय पावसाळ्यात आणलेली ब्लीचिंग पावडर शिल्लक होती. मी दोन्ही मावशींच्या हातात दिलं. मीच दिलं. म्हणाले, "मावशी, दोन्ही वापरा, पण ईदला ते थर दिसायला नकोत." आणि वर म्हणाले, "दार लावून घ्या. अम्मीचा रोजा आहे, वासाने त्रास होईल."

गेली कित्येक वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना शिकवत होते. विरंजक चूर्ण अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, यापासून क्लोरीन वायू. पिवळसर हिरवा, घुसमटवणारा, हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्र इथे याच वायूने सैनिक मारले, हेही मी सांगायचे, मुलं तेवढं लक्ष देऊन ऐकायची. पण फळ्यावरचं विरंजक चूर्ण आणि माझ्या मोरीतली ब्लीचिंग पावडर यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही. एक भाषा शाळेत राहिली, दुसरी घरात.

वास आधी अम्मीला आला. ती कुराण वाचत बसली होती. "बू कायकी आ रई गे?" म्हणत उठली आणि बाथरूमच्या दाराशी गेली. आतून खोकल्याचा आवाज येत होता, मग तो आवाजही येईनासा झाला. अम्मीने ओढणी नाकाला दाबली, दार ढकललं आणि मावशींना काखेत धरून बाहेर ओढलं. अडुसष्ट वर्षांची बाई. मी बादली घेऊन आत पाणी ओतायला धावले, तर तिने माझा हात धरला. "अंदर नक्को. खिडक्या खोल."

जड वायू खाली बसतो. उभ्या माणसाला तो कमी लागतो. उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईचं तोंड जमिनीपासून हातभर अंतरावर असतं. आमच्या बाथरूमला वरच्या बाजूला तीन काचपट्ट्यांची खिडकी होती, आणि दार मी लावायला सांगितलं होतं.

मावशींना गॅलरीत बसवलं. डोळे लाल, खोकल्याची उबळ थांबेना, ओठ निळसर झालेले. साडीवर अॅसिडचे शिंतोडे होते, अम्मीने ती काढून स्वतःची मॅक्सी नेसवली, डोळ्यांवर तांब्याने पाणी सोडत राहिली. रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला. दोनेक तासांत त्या बऱ्या दिसायला लागल्या, "जाते घरी, दोन घरं राहिलीत" म्हणाल्या. डॉक्टरांनी सोडलं नाही. या वायूची खोड अशी, की आता ठीक वाटलं तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. रात्री तसंच व्हायला लागलं. तीन रात्री त्या तिथे होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाहेर फटाके वाजत होते आणि धुरामुळे वॉर्डच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या.

त्यांची मुलगी उशाशी बसलेली असायची. महापालिकेच्या शाळेत नववीत होती. पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी फळं घेऊन गेले, तेव्हा तिने विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत सायन्सच शिकवता ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी हो म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही, पिशवीतली फळं काढून पाटीवर ठेवू लागली.

दवाखान्याचं बिल मी भरलं, पगार कापला नाही. पण दुसऱ्या दोन घरांनी सणाचं काम अडतं म्हणून दुसरी बाई लावून घेतली, ती घरं मावशींची कायमची गेली. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे येत राहिल्या, मात्र जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायच्या. आधी थांबत नसत.

शाळा उघडल्यावर मी एक केलं. सोलापूरच्या घरातला शहाबादीचा एक तुकडा माझ्याकडे होता, दाराला अटकाव म्हणून वापरायचे. तो वर्गात नेला. त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला. फस्सकन फेस आला, आणि पुसल्यावर तिथे पांढरा खड्डा उरला. हा दगड म्हणजे चुनखडी, संगमरवरही त्याच जातीचा. अॅसिड, लिंबू, व्हिनेगर, जे आंबट ते याला खातं. मोझेकमधल्या कपच्यांचंही तेच. मग मुलांना सांगितलं, उद्या घरी मोरीत जेवढ्या बाटल्या आहेत, त्यांची नावं लिहून आणा आणि ज्यांच्यावर नाव नाही त्यांची संख्या लिहा. चाळीस मुलांच्या वर्गात ती संख्या एवढी आली की मी फळ्यावर बेरीज करायची थांबले. त्या वर्षापासून निवृत्त होईपर्यंत हा तास मी दरवर्षी घेतला. बाटली बदलायची नाही. एका वेळी एकच द्रव्य, ते पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरं नाही. ब्लीच आणि अॅसिड एकत्र नाही, ब्लीच आणि अमोनियाही नाही. दार उघडं. पाण्यात द्रव्य ओतायचं, द्रव्यावर पाणी नाही. परीक्षेत यावर प्रश्न येत नसे, म्हणून काही पालकांची तक्रारही आली होती.

पण मला सांगायचंय ते त्या ईदचं.

ईदच्या दिवशी घरात कुणाला उत्साह नव्हता. बाथरूमचे थर तसेच होते. (पुढे ते मी पाण्यात व्हिनेगर घालून, रात्रभर फडकी चिकटवून काढले. सिरॅमिक टाइलला ते चालतं. त्या कामाला दोन रविवार गेले आणि कुणाच्या छातीला काही झालं नाही. एवढंच पुरेसं होतं.) अम्मीने शिरखुर्मा केला आणि मला म्हणाली, बासी ईदला आपण मावशींकडे जाऊ. मी म्हटलं, पाठवून देऊ. खरं तर त्या मुलीच्या समोर जायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा अम्मीने मला ती हदीस सांगितली, जी मी लहानपणी कितीदा ऐकली होती. मदिनेच्या मशिदीत झाडू मारणारी एक काळी बाई होती. ती वारली, तेव्हा लोकांनी रातोरात दफन केलं, हुजूरांना कळवायची गरज त्यांना वाटली नाही. हुजूरांनी चौकशी केली, मला का सांगितलं नाही म्हणाले, आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढले. अम्मीने एवढंच सांगितलं आणि चप्पल पायात घातली.

मावशींची खोली वस्तीत अगदी आत होती. दहा बाय दहाची. निम्म्या भागात शहाबादीचे तुकडे, निम्म्या भागात घोटलेला लाल कोबा. कुठल्याशा बांधकामावरून उरलेले तुकडे मावशींच्या नवऱ्याने आणून बसवले होते. अम्मी दारातच थांबून ते बघत राहिली. तिचं पुढच्या खोलीचं घर तिला दिसलं असणार.

मावशी खाटेवर बसल्या होत्या. आठ दिवसांचा केर साचलेला, कोपऱ्यात दिवाळीच्या सामानाची पिशवी न उघडलेली. मुलगी शाळेच्या मैत्रिणीकडे गेली होती. मावशी उठायला लागल्या, "आजी, बसा, मी जरा झाडून घेते," आणि तेवढ्यानेच त्यांना खोकला आला. अम्मीने त्यांना खांद्याला धरून बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झाडू ले."

मावशींना ते सहन होईना. "अहो बाई, नका, असं कुठं असतंय का? सणाच्या दिवशी!" अम्मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसली आणि पान लावल्यासारखी निवांत सूचना देऊ लागली. पैले सूखा. कोने से. फडकं पीळ, अजून पीळ. कोब्यावर पाणी साचू देऊ नको, लाल रंग उठतो. दगडाला काही लावू नको, नुसतं पाणी. मी दोन बादल्या भरून आणल्या, पदर खोचला आणि उकिडवी बसले. फ्लॅट घेतल्यापासून मी उकिडवं बसून फरशी पुसली नव्हती. आठ-दहा हात पुसले तोच मांड्या भरून आल्या. तोंड जमिनीच्या इतकं जवळ आलं होतं की ओल्या दगडाचा वास नाकात जात होता. सोलापूरच्या घराचा वास.

आतल्या भिंतीपासून मागे मागे येत मी दाराशी पोचले. बादलीतलं पाणी थोडं सांडलं, तर ते कोब्यावरून सरळ उंबऱ्याखालच्या भोकाकडे गेलं. अम्मीने ते पाहिलं. "मिस्त्री अच्छा था," ती म्हणाली. मावशी म्हणाल्या, "मिस्त्री कुठला, मालकांनीच केलंय, त्यांना काय येत नव्हतं." पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मी उठले, कमरेवर हात ठेवले. मावशींनी मान जराशी वाकवून सगळी खोली एकदा बघितली, पाच घरं पुसणाऱ्या बाईच्या नजरेने, आणि खाटेच्या पायाकडे बोट दाखवलं.

"तेवढा कोपरा राहिला, बाई."

मी परत फडकं पिळलं आणि खाटेखाली वाकले.